पाऊस पडला, पाणी कुठं गेलं? गिरणेपासून प्रकाशापर्यंत

शनिवार : चाळीसगाव, पाटणादेवी

खान्देश म्हटलं की दुष्काळ, हे समीकरण माझ्या डोक्यात आजोळच्या उन्हाळी सुट्ट्यांपासून पक्कं बसलंय. पण अलीकडे तिथून फोन येतात ते पुराचे. ऑगस्टमध्ये पूर, आणि एप्रिलमध्ये पुन्हा टँकर. एकाच वर्षात, कधीकधी एकाच तालुक्यात. या दोन टोकांच्या मध्ये पाण्याचं होतं काय, ते नदीकाठानं फिरून बघावं असं बरेच दिवस मनात होतं. दसरा झाला, परतीचा पाऊस सरला असं वेधशाळेनं सांगितलं आणि मी रात्रीची गाडी पकडून चाळीसगावला उतरले. मामेभाऊ भूषण भडगावहून गाडी घेऊन आला होता. त्याची पहिली अट, "ताई, धरणं दाखवतो, पण जेवणाच्या वेळा माझ्या."

चाळीसगावात तितूर नदी बाजारपेठेला अगदी चिकटून वाहते. वाहते म्हणजे आत्ता वाहत होती, पायाचा घोटा भिजेल इतकी. 30 ऑगस्ट 2021 च्या रात्री हीच तितूर आणि तिला मिळणारी डोंगरी, दोघी मिळून गावात शिरल्या. जनावरं गोठ्यात बांधलेली होती तशीच गेली. त्याच रात्री वर कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता चिखलाखाली गाडला गेला. एका किराणा दुकानदारानं काउंटरमागची भिंत दाखवली. नवा रंग दिलाय, पण छातीच्या उंचीवर ओलीची पट्टी रंगातून परत वर आली आहे. "साखरेची पोती विरघळून गेली, नुसते बारदान राहिले," तो म्हणाला. म्हणाला ते हसत, पण माल आता कायमचा माळ्यावर ठेवतो.

डोंगरी जिथून येते तिकडे, पाटणादेवीला गेलो. चंडिकेचं मंदिर, गौताळ्याचं जंगल, आणि मागे सातमाळा-अजिंठ्याची भिंतच्या भिंत. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढल्याचा शिलालेख याच पाटणचा. डोकं वर करून कडे बघितले की पुराचं गणित कागद-पेन्सिलीशिवाय कळतं. उभा उतार, वर पातळ माती, खाली काळा बेसॉल्ट. ऑगस्टअखेर ती माती आधीच पाणी पिऊन तुडुंब असते. त्यावर एका रात्रीत ढग रिकामे झाले तर जिरायला जागाच नाही, सगळं सरळ खाली येतं आणि चाळीसगाव पायथ्याला बसलेलं.

जाणाऱ्यांसाठी : पाटणादेवीला दिवसाउजेडीच जा, खाण्याचं सोबत न्या. धबधबा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बरा असतो. रात्री गावात शेवभाजी खा, पण 'कमी तिखट' असं सांगूनही ती कमी तिखट येत नाही हे धरून चाला.

रविवार : जामदा, मामाचं गाव

मेहुणबाऱ्याजवळ जामद्याचा ब्रिटिशकालीन बंधारा आहे. दगडी भिंतीवरून पाण्याची पातळ चादर घसरत होती आणि दोन्ही अंगांनी कालवे निघाले होते. वर नांदगाव तालुक्यातलं गिरणा धरण 1969 चं, साडेएकवीस टीएमसीचं. तिथून सोडलेलं आवर्तन नदीतूनच इथवर येतं आणि मग कालव्यात वळतं. मधल्या वाळूत किती मुरतं हा पाटकऱ्यांचा आणि शेतकऱ्यांचा कायमचा वादाचा विषय.

मामा बंधाऱ्यावरच भेटला. सत्तरीपार आहे, पण नदीचा विषय निघाला की आवाज चढतो. "पयले पंधरा दिन झड लागे, भाचीबाई. आते पंधरा दिननं पानी एक रातमा पडी जास."

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मांडलेला निष्कर्ष याच्या फार जवळ जातो. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दिवसाला 150 मिमीहून जास्त, तेही मोठ्या प्रदेशावर पडणाऱ्या पावसाच्या घटना साधारण तिपटीनं वाढल्या, एकूण मोसमी पाऊस मात्र कमी होत असताना. हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. म्हणजे ती जास्त वेळ पाणी राखून धरते आणि देते तेव्हा एकदम देते.

यातला धरणाचा पेच मला मामाच्या ओट्यावर बसून नीट उमगला. भूषणचा मित्र पाटबंधाऱ्याच्या कामांवर ठेकेदारीत होता, तो आला होता, त्यानं सांगितलं. आपल्याकडे मोठी धरणं 75 टक्के विश्वासार्हतेच्या येव्यावर (धरणात येणाऱ्या पाण्यावर) बांधतात, म्हणजे चार वर्षांपैकी तीन वर्षं जेवढं पाणी नक्की येईल तेवढं धरून. तो येवा काढायचा मागच्या काही दशकांच्या पावसाच्या नोंदींवरून. आता पाऊसच जुन्या नोंदींसारखा वागायला तयार नाही. गिरणा धरण कित्येक वर्षं भरतच नव्हतं. 2019 ला भरलं, पुढची काही वर्षं भरत राहिलं, आणि 2023 ला पुन्हा अर्ध्याच्या आसपास अडकलं.

पण इथे माझं थोडं वेगळं मत आहे. गिरणा भरत नव्हती याचा सगळा दोष आभाळाला देता येत नाही. वर नाशिक जिल्ह्यात चणकापूर आहे, पुनद आहे, मोसमवर हरणबारी आहे, शिवाय गावोगावी बंधारे आणि लाखो विहिरी. ती सगळी भरल्यावर उरेल ते गिरणेला. खाली पात्रातली वाळू उपसून उपसून नदीचा तळ उघडा पडला, तशा काठच्या विहिरी बसल्या. वाळूचे डंपर आम्हाला भर दुपारी दिसले. सगळं हवामानबदलावर ढकललं की सगळेच सुटतात, डंपरवालाही.

गिरणेवरचे सात बलून (हवेनं फुगणारे रबरी) बंधारे आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या नार-पार नद्यांचं पाणी गिरणेत आणायची योजना, या दोन गोष्टींवर गावात कुणाशीही तासभर बोलता येतं. नार-पारला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. मामा म्हणतो, पाणी येईल तेव्हा फोटो पाठवीन.

मामीनं कळण्याची भाकरी, गंगाफळाची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल वाढलं. भरीत नाही. "वांगी अजून चवीवर आली नाहीत, थंडी पडू दे," असं म्हणून तिनं विषय संपवला. खान्देशात ऑक्टोबरमध्ये भरीत मागणारा माणूस बाहेरचा, हे ओळखायला मामीला वेळ लागत नाही.

सोमवार : हतनूर, चांगदेव

जळगावात फक्त चहा आणि डिझेल. भुसावळच्या पुढे हतनूर. 1982 मध्ये पूर्ण झालेलं हे धरण उंच नाही, लांब आहे. 41 दरवाजे एका रांगेत. पावसाळ्यात खान्देशातल्या प्रत्येक घरात एकदा तरी 'हतनूरचे इतके दरवाजे उघडले' ही बातमी वाचली जाते, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी भुसावळात ऊन पडलेलं असू शकतं. कारण इथे येणारं पाणी बऱ्हाणपूर, देडतलाई, चिखलदरा, अकोला इथल्या पावसाचं. मध्य प्रदेशात मुलताईला उगवलेली तापी आणि विदर्भातून आलेली पूर्णा धरणाच्या वरच्या अंगाला भेटतात.

पूर्णेचं पाणी काळ्या मातीतून येतं. धरणाच्या वरच्या बाजूला पाणी ओसरलेल्या काठावर उतरलो तर चपलेला लगदा चिकटला, तो काठीनं खरवडावा लागला. वरचा थर वाळून पापुद्रे झालेला, एक पापुद्रा उचलला तर खाली दुसरा, त्याखाली तिसरा, पत्र्यासारखे एकावर एक. प्रत्येक मोठ्या लोंढ्यामागे एक थर बसत गेला असणार. जोराचा पाऊस नुसतं पाणी आणत नाही, शेतही आणतो. तो गाळ धरणात बसला की तेवढी जागा पाण्याला कमी. म्हणजे जास्त पूर येतो त्या वर्षीही साठवायला भांडं लहान होत चाललंय. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, वरणगावचा आयुध कारखाना, भुसावळ, आणि पलीकडची केळी, सगळे याच भांड्यावर.

फुगवट्याच्या काठावर चांगदेवाचं देऊळ आहे. काळ्या दगडाचं, ताऱ्यासारखे कोपरे काढलेलं, भव्य. संगमावर मासे धरणारा एक भोई होडी उलटी करून डांबर लावत बसला होता. पाणी कधी वाढतं ते कसं कळतं विचारलं तर म्हणाला, रंगावरून. पूर्णा आधी काळपट होते, तापी तांबूस. दोन्ही एकदम गढूळ झाल्या की तो जाळं काढून घेतो. मोबाइलवर संदेशही येतो म्हणाला, पण बहुतेक वेळा होडी वर ओढून झाल्यावर.

जाणाऱ्यांसाठी : हतनूरच्या जलाशयावर पक्षी बघायचे तर डिसेंबर-जानेवारीत जा. भिंतीवर जायला परवानगी लागते, काठावरून बघायला नाही. चांगदेवला दुपारी दगड तापतो, सकाळी जा.

मंगळवार : रावेर, पाल, यावल

या सगळ्या फिरण्यात हा दिवस माझ्यासाठी सगळ्यात भारी. सावदा-फैजपूर रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळी, इतकी की गाडीत हिरवा अंधार पडतो. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. फैजपुरात 1936 चं काँग्रेस अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. भूषणला ते माहीत नव्हतं, आणि त्याचं सासर फैजपूरला आहे.

पालच्या वाटेवर सातपुड्यातून उतरणाऱ्या एका ओढ्यात आम्ही पायी चाललो. डोंगराच्या तोंडाशी पोटरीभर पाणी, स्वच्छ, खळखळ आवाज. थोडं खाली दगडगोटे मोठाले होत गेले आणि पाणी त्यांच्यामध्ये बारीक झालं. आणखी खाली नुसते ओले दगड. मग कोरडे ठणठणीत. अर्ध्या किलोमीटरच्या आत ओढा गायब! याला भूगर्भवाले बझाडा पट्टा म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याला लाखो वर्षांत साठलेल्या गोट्या-रेतीचा हा पट्टा पाणी पितो आणि खालच्या गाळाच्या थरांना पुरवतो. रावेर-यावल-चोपड्याची केळी या साठ्यावर उभी राहिली.

एका बागेत शिरलो. मालक पन्नाशीचे, लेवा पाटीदार, फार हिशोबी. त्यांची मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली केळी) उभी होती, शेजारी कांदेबागेची (पावसाळ्यानंतरच्या केळीची) लागवड चालू होती. उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं, ठिबकवर. त्यांच्या वडिलांच्या वेळी विहिरीवर मोट चालायची. आता कूपनलिका सहाशे फुटांवर आहे. "पाऊस काय कमी नाही भो," ते भूषणला म्हणाले. "पण नाला पूर्वी दिवाळीपर्यंत वाहायचा. आता दोन दिवस असा येतो की बांध तोडतो, आणि तिसऱ्या दिवशी त्यात पोरं क्रिकेट खेळतात."

बझाड्याला पाणी पिता येतं, पण त्याच्या वेगानं. महिनाभर बारीक धार वाहिली तर पोटात भरपूर जातं. तेच पाणी दोन दिवसांत गढूळ होऊन धावलं तर बहुतेक वरून निघून जातं, आणि जाताना गाळानं फटीही लिंपून जातं. त्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की पानं करपतात, घड सटकतात आणि पाण्याची गरज आणखी वाढते. आवक आखडती, खर्च वाढता.

ठिबकनं केळी वाचवली हे खरंच. पण वाचलेल्या पाण्यावर लोकांनी आणखी केळी लावली हेही तितकंच खरं, आणि हे वाक्य मी त्यांच्यासमोर बोलले तेव्हा ते मोकळेपणानं हसले. "मग काय कापूस लावू? त्याचा भाव तुम्ही देता का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तापीचं पुराचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी कालव्यांनी फिरवून याच पट्ट्यात मुरवायची 'तापी महापुनर्भरण' योजना आहे. मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांचा त्यावर करार झाला. कल्पना मला पटते, कारण जमिनीखालच्या साठ्याला बाष्पीभवन लागत नाही आणि गावंही बुडत नाहीत. धास्ती आहे ती गाळाची. गढूळ पाणी थेट सोडलं तर ज्या फटींतून मुरवायचं त्याच बुजतील.

बुधवार : शिरपूर

अनेर ओलांडून शिरपूर. इथे 2004 पासून अमरीशभाई पटेल आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून त्यात दारं नसलेले सिमेंट बंधारे घातले. तोच 'शिरपूर पॅटर्न'. एका नाल्याच्या काठावर उभी राहिले तर खाली तीन-चार माणसं एकावर एक उभी राहतील इतकी खोली, तळाशी हिरवं पाणी, कडेला पिवळ्या मातीचा कापलेला थर. नाल्यालगतच्या विहिरींना पाणी आहे, बायकांची पायपीट थांबली, हे तिथली माणसं मनापासून सांगतात. राज्यभर त्याची नक्कल झाली तिथे मात्र गोची झाली. जिथे खाली बेसॉल्टचा खडक आहे तिथे नुसतं खोदून पाणी मुरत नाही. उलट शेजारच्या विहिरींचं पाणी झिरपून नाल्यात येऊ शकतं. शिरपूरच्या बऱ्याच भागाखाली तापीचा गाळ आहे, नक्कल करणाऱ्यांनी तो सोबत नेला नाही.

त्या रात्री धुळ्यात मुक्काम. लॉजविषयी लिहिण्यासारखं काही नाही, डासांविषयी आहे, पण सोडून देते.

गुरुवार : पांझरा, सामोडे, बारीपाडा

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी फड पद्धत बघायची होती. तीन-चारशे वर्षांची ही पद्धत : नदीवर बुटका दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी पिकं फडाफडांत फिरवायची, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पिंपळनेरजवळ सामोड्याला एका जुन्या पाटावर बसून दोन आजोबांनी ते समजावलं. फड जगायचा तो नदीच्या वाहतेपणावर. पुराचं पाणी त्याला नको, बंधाऱ्यावरून जाऊ दे. पाऊस संपल्यावर डोंगरातून झिरपून हळूहळू येत राहतं ते पाणी हवं. वर धरणं झाली, काठाला मोटारी बसल्या, आणि झिरपा आटला. त्यातला एक आजोबा म्हणाला, "पाट शे, फड शे, नदीच नही." दुसऱ्यानं त्याला दटावलं, यंदा आहे की पाणी. मग दोघांचं कोणत्या साली पाट शेवटचा होळीपर्यंत चालला यावरून जुंपली.

दुपारी बारीपाड्याला पोचलो. चैतराम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून गावात येणाऱ्या गाड्या वाढल्यात, तरी गावाची लय तीच आहे. नव्वदीच्या सुरुवातीला इथे डोंगर बोडका होता. गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, दंड ठरवले आणि पाळले. आता चारशे हेक्टरांहून जास्त जंगल गावाच्या राखणीत आहे. जेवायला नागलीची भाकरी आणि दोन रानभाज्या. एका भाजीचं नाव तीन बायकांनी तीन सांगितलं.

आणि मग चारच्या सुमाराला, वेधशाळेनं निरोप दिलेला पाऊस परत आला. तास-दीड तास असा कोसळला की कौलांवरून बोलणं ऐकू येईना. थांबल्यावर भूषणला ओढत ओढ्यावर नेलं. जंगलातून येणारा ओढा थोडा चढला होता, पण पाण्याखालची पानं दिसत होती. पानांचा थर पायाखाली स्पंजासारखा दबत होता. परतीच्या वाटेवर, गावाच्या हद्दीबाहेर, उतारावरच्या नांगरलेल्या शेतांतून लाल पाणी रस्त्यावर आलं होतं आणि पुलाखालचा नाला तांबडालाल फेसाळत होता. पाऊस एकच, ढग तोच, मध्ये पाच-सहा किलोमीटर.

फोटो काढायला मी उतरले तेवढ्यात मोटारसायकलवरचा एकजण थांबला आणि म्हणाला, पूल पाण्याखाली जाऊ शकतो, गप्पा नंतर मारा. त्याचं ऐकलं.

जाणाऱ्यांसाठी : बारीपाड्याला आधी कळवून जा, जेवण सांगितलं तर मिळतं. फुकट मार्गदर्शन मागू नका, गावाच्या निधीत काही द्या. पिंपळनेर-साक्री भागातल्या फरशी पुलांवरून पाणी असताना गाडी घालू नका, ऑक्टोबर असला तरी.

शुक्रवार : प्रकाशा

शहाद्याकडे पपईच्या बागा, आणि मग प्रकाशा. दक्षिणकाशी. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वर, घाट, आणि देवळांच्या जवळच बॅरेजचे दरवाजे. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी ही बॅरेजांची माळ पाणी अडवते, पण ते उचलून शेतात नेणाऱ्या उपसा योजना वर्षानुवर्षं बंद पडून होत्या. काठावरच्या शेतकऱ्यानं पुढे केलेलं बोट बघितलं तर समोर पाणी, मागे कोरडवाहू ज्वारी.

घाटावर चहाची टपरी आहे. तिथे बॅरेजवर कामाला असलेला एकजण भेटला. वरून विसर्ग सोडला की फोन येतो, मग आम्ही दरवाजे उचलतो, मग खाली कळवतो, असं त्यानं सांगितलं. खाली म्हणजे उकाई. 1972 चं ते धरण, आणि त्याच्या पुढे सुरत. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून एकदम पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडालं. धरण लवकर भरून ठेवलं तर पुराला जागा नाही, रिकामं ठेवलं आणि नंतर पाऊसच आला नाही तर उन्हाळा कोरडा. पाऊस पसरून पडायचा तेव्हा हा जुगार सोपा होता. आता दोन मोठ्या सरींच्या मध्ये निर्णय घ्यायला दिवस कमी उरतात.

मी विचारलं, फोन रात्री आला तर? तो म्हणाला, "रात्रीच येतो."

भूषण इथून शिरपूरमार्गे परत गेला, मी नंदुरबारला आले. सुरत-भुसावळ मार्गावर दोन्हीकडे जायला गाड्या आहेत, पण आरक्षण आधी करा, विशेषतः दिवाळीच्या आसपास. हातात दोन तास असतील तर मिरचीच्या पठारींवर चक्कर मारा. हंगामात मैदानंच्या मैदानं लाल असतात. मी गेले तेव्हा आदल्या दिवशीच्या पावसामुळे अर्धी मिरची ताडपत्रीखाली होती आणि व्यापारी आभाळाकडे बघून शिव्या देत होते. जाताना नाकाला रुमाल न्या.